६०० च्या रेंजवर ०८४ का येतं?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: नववीतल्या मुलाने मे महिन्याच्या सुट्टीत ८३० जातीच्या डिजिटल मल्टिमीटरचं किट जोडलं. मीटर सुरू होतो, पण डिस्प्लेवर आकड्यांचे काही तुकडे गायब आहेत. दुसरी एक नवी ९ व्होल्टची बॅटरी मोजली तर २० च्या रेंजवर ९.३६ येतं आणि ६०० च्या रेंजवर ०८४. मुलाने आतला प्रीसेट (आकडा जुळवायचा बारीक स्क्रू) फिरवून बघितला, तेव्हा ६०० वरचा आकडा ०८० पर्यंत उतरला, पण आता २० वर ८.९० येतं. किट सदोष आहे का, परत करावं का?

ताई, परत करू नका. किट बरोबर आहे आणि मुलाचं कामही बहुतेक सगळं बरोबर आहे. त्याने दोन्ही रेंजचे आकडे लिहून ठेवले हे तर फारच चांगलं केलं, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. ८४ ला ९.३६ ने भागा, ९ येतात. प्रीसेट फिरवल्यानंतरचे ८० आणि ८.९० घ्या, पुन्हा ९. चूक अशी स्वच्छ पूर्णांकात आली की समजायचं, कुठला घटक खराब नाही, घटकाची जागा चुकली आहे. खराब रेझिस्टर इतक्या हिशेबाने खराब होत नाही.

आता हे ९ कुठून आले ते बघू. या मीटरच्या पोटात जो काळा डांबरासारखा ठिपका आहे, त्याखाली आयसीएल ७१०६ घराण्यातली चिप असते. तिला एकच काम येतं: ० ते १९९.९ मिलिव्होल्ट मोजणं. तुम्ही ९ व्होल्ट द्या नाहीतर ३०० द्या, चिपपर्यंत पोचेपर्यंत ते २०० मिलिव्होल्टच्या आत आणावे लागतात. हे काम करते रेझिस्टरची एक साखळी: ५४८ के (के म्हणजे हजार ओहम), ३५२ के, ९० के, ९ के, ९०० ओहम आणि १०० ओहम. बेरीज करा, बरोबर १० लाख ओहम. मधला नॉब फिरवला की आपण या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्यांवर बोट ठेवतो. २० च्या रेंजला शेवटच्या तीन कड्यांवरचा, म्हणजे १० हजार ओहमवरचा व्होल्टेज चिपला मिळतो. २०० ला शेवटच्या दोन, म्हणजे १००० ओहम. ६०० ला फक्त शेवटची कडी, १०० ओहम.

शेवटच्या दोन कड्यांची अदलाबदल झाली तर? १००० ओहमची बेरीज तीच राहते, त्यामुळे २००० मिलिव्होल्ट, २० आणि २०० या रेंज शहाण्यासारख्या वागतात. बिघडते ती फक्त ६०० ची, कारण तिथे १०० च्या जागी ९०० ओहम बसले. नऊपट. तुमच्या मुलाने ९०० आणि १०० उलटसुलट लावले आहेत.

ही चूक करणारा तो पहिला नाही. १ टक्कावाल्या निळ्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात. ९०० ओहमचे पट्टे पांढरा, काळा, काळा, काळा, तपकिरी. १०० चे तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी. म्हणजे १०० चा रेझिस्टर कुठूनही वाचा, सारखाच. आणि ९०० चा उलट्या बाजूने वाचला तर तोही तपकिरी, काळा, काळा, काळापासून सुरू होतो, शेवटी पांढरा येतो. शेवटचा पट्टा टॉलरन्सचा, म्हणजे किंमत किती टक्के इकडेतिकडे असू शकते त्याचा, आणि त्यासाठी पांढरा वापरत नाहीत हे लक्षात असेल तरच तिथे थांबून विचार होतो, नाहीतर रात्री साडेदहाला ट्यूबलाइटखाली माणूस "शंभर" म्हणून मोकळा होतो. निळ्या अंगावर तपकिरी आणि लाल यांतला फरक तर मलाही चष्मा लावून दिसत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पट्टे वाचू नका, शेजारच्याचा मीटर तासभर उसना आणा आणि प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मोजा. मीटर बनवायला मीटर लागतो, हसू येतं, पण आहे ते आहे.

माझ्यावर विश्वास ठेवून लगेच सोल्डरिंग आयर्न गरम करू नका. आधी खात्री करून घ्या, खर्च काही नाही. हीच साखळी मीटर रेझिस्टन्स मोजतानाही वापरतो, पण तिथे ती तुलनेचं माप म्हणून येते. २०० ओहमच्या रेंजवर चिप विचारते, समोरचा रेझिस्टर आपल्या १०० ओहमच्या कितीपट आहे? तुमच्याकडे त्या मापाच्या जागी ९०० बसला आहे, म्हणून इथे आकडा नऊपट कमी यायला हवा. कुठलाही १०० ओहमचा रेझिस्टर २०० च्या रेंजवर लावा. ११ च्या आसपास दाखवलं तर निदान पक्कं. व्होल्टला नऊपट जास्त, ओहमला नऊपट कमी, आणि दोन्हीचं मूळ एक. पोराला हे आधी कागदावर करून दाखवा आणि मग मोजायला लावा. त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असेल.

आता दुरुस्ती. आपली नेहमीची सवय असते की रेझिस्टर काढायचा तर मधोमध कापायचा आणि पाय एकेक करून ओढून काढायचे. इथे तसं करू नका. ९०० ओहम ही बाजारातली नेहमीची किंमत नाही. लॅमिंग्टन रोडवर काउंटरवर मागितलात तर ९१० देतील, फार तर १ टक्क्यातला ९०९, आणि "चल जायेगा" म्हणतील. नाही चालत. १ टक्का चूक आपण स्वतःच्या हाताने कशाला बसवायची? म्हणून दोन्ही रेझिस्टर अखंड काढा. टाक्यावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, थोडं ताजं सोल्डर घाला, त्यातल्या फ्लक्समुळे (राळेसारखा पदार्थ) जुनं सोल्डर पटकन वितळतं, मग सोल्डर पंपाने ओढा. एका टाक्यावर आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको. सर्किटच्या या पाट्यांवरचा तांब्याचा पातळ थर उचलला गेला की तिथे वायरचा तुकडा जोडत बसावं लागतं. पंचवीस वॅटचं साधं आयर्न पुरे. तरीही ९०० मोडलाच, तर १ के आणि ९.१ के समांतर जोडा, ९०१ होतात. तेवढ्याने या मीटरचं काही बिघडत नाही.

आयर्न हातात आहेच तर प्रोब घालायच्या तिन्ही सॉकेटचे टाकेही बघून घ्या. पितळेची ती जाड नळी उष्णता पिऊन टाकते आणि वरून चकचकीत दिसणारा टाका आतून कोरडाच राहतो. प्रोब हलवला की आकडा नाचत असेल, तर दोष तिथे आहे. इथे मात्र आयर्न जरा जास्त वेळ टेकवावं लागतं.

डिस्प्लेच्या गायब तुकड्यांची काळजी नको. काच आणि पाटी यांच्यामध्ये जी रबराची पट्टी असते ना, गुलाबी किंवा पांढरट, तिला झेब्रा म्हणतात. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे पातळ थर आलटून पालटून रचलेले असतात. तिथे सोल्डर नसतं, फक्त दाब. पाटीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर बोटाचं तेल किंवा फ्लक्स लागला की तो तुकडा गेला. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, झेब्रा नुसत्या स्वच्छ सुती कापडाने, सगळं सरळ रेषेत बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. उघडण्याआधी मोठं ताट किंवा परात घ्या आणि काम तिच्यात करा. नॉबखाली स्प्रिंगवर बसलेल्या दोन बारीक पोलादी गोळ्या उडतात. आमच्या भांडुपच्या घरात पलंगाखालून अशी एक गोळी चार वर्षांनी रंग लावताना सापडली, तोवर तो मीटर एकाच गोळीवर चालला.

आता प्रीसेटविषयी जरा सविस्तर, कारण तुमच्या मुलाने केलेली खरी चूक रेझिस्टरची नाही, ही आहे. आणि ती मी स्वतः मोठ्या माणसाच्या पगारावर केलेली आहे.

ही चिप मोजते कशी? समजा नळाला पाणी किती जोराने येतंय ते माहीत नाही. ठरावीक वेळ, म्हणू १००० टाळ्या वाजेपर्यंत, तो नळ पिंपात सोडायचा. मग तो बंद करून पिंपाच्या तळाची तोटी उघडायची. ही तोटी आपल्या ओळखीची आहे, तिचा वेग माहीत आहे. पिंप रिकामं व्हायला किती टाळ्या लागल्या ते मोजायचं. जितक्या जास्त टाळ्या, तितका नळ जोरात होता. गंमत अशी की पिंप किती मोठं आहे याने फरक पडत नाही, टाळ्या थोड्या हळू वाजवल्या तरी पडत नाही, कारण भरताना आणि रिकामं करताना पिंप तेच आणि टाळ्या त्याच. फरक पडतो तो फक्त तळाच्या तोटीने. ती तोटी म्हणजे चिपचा रेफरन्स, १०० मिलिव्होल्ट, आणि प्रीसेट म्हणजे त्या तोटीची चावी.

म्हणून प्रीसेट फिरवला की सगळ्या व्होल्टेज रेंज एकाच प्रमाणात वरखाली होतात. एकच रेंज चुकते आहे आणि बाकीच्या बरोबर आहेत, तेव्हा दोष प्रीसेटचा असूच शकत नाही. तरीही तो फिरवायचा म्हणजे तराजूला पासंग बांधायचा. एक माप जुळवलं की बाकीची सगळी खोटी होतात. तुमच्याकडे २० चा आकडा बिघडला तो असा.

माझी गोष्ट सांगतो. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट मेन्टेनन्सला होतो. आता तिथे टॉवर आहेत. भट्ट्यांना के टाइप थर्मोकपल (तापमानानुसार बारीक व्होल्टेज देणारी तारांची जोडी) होते आणि ते वाचून तापमान दाखवणारे अकरा इंडिकेटर. ८०० अंशांना के टाइप साधारण ३३.३ मिलिव्होल्ट देतो. थर्मोकपलच्या जागी इंडिकेटरला हवे तेवढे मिलिव्होल्ट देणारा सोर्स जोडला, त्याला माझा मीटर लावला, ३३.३ येईपर्यंत सोर्स वाढवला आणि इंडिकेटरकडे बघितलं. ७८० दाखवत होता. म्हटलं, सरकला असेल, ८०० वर आणला. दुसराही ७८०. तिसराही. अकराच्या अकरा एकाच दिशेला, एकाच मापाने चुकलेले, आणि मला शंका आली नाही. उलट केवढं काम उरकलं म्हणून संध्याकाळी वडापाव खाल्ला.

दुसऱ्या पाळीपासून भट्टीत तापवलेल्या जॉबची हार्डनेस (कठीणपणा) कमी यायला लागली. भट्टी ८०० सांगत होती आणि आत ७८० होते. तिसऱ्या दिवशी फोरमन माझ्या टेबलाशी आले, काही बोलले नाहीत, मीटर उघडला, बॅटरी काढून जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं. बॅटरी उतरली होती. या चिपचा रेफरन्स बॅटरीवरूनच तयार होतो. बॅटरी ठीक असेपर्यंत तो स्थिर असतो, पण ती फारच उतरली की रेफरन्सही खाली येतो. तोटी बारीक झाली की पिंप रिकामं व्हायला वेळ लागतो आणि आकडा फुगतो. माझा मीटर अडीच टक्के जास्त दाखवत होता आणि मी अकरा बरोबर इंडिकेटर त्याच्या तालावर नाचवले. पुढचे दोन दिवस तेच अकरा परत लावण्यात गेले. (पावसाळ्यात डिस्प्लेच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र दिसलं तर दमटपणा म्हणून सोडून देऊ नका, हे याच अनुभवातून.)

तेव्हा आता क्रम असा ठेवा. आधी ९०० आणि १०० जागेवर. मग मीटरमध्ये नवी बॅटरी. मग प्रोब एकमेकांना जोडून २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ००.० येतं का ते बघायचं. प्रोब मोकळे ठेवले तर याच रेंजवर आकडे हलू शकतात, तो दोष नाही, आसपासच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट आहे. आणि सगळ्यात शेवटी, एकदाच, प्रीसेट.

प्रीसेट कशाशी जुळवायचा? घरातल्या बॅटरीशी नाही. पेन्सिल सेलवर १.५ लिहिलेलं असतं, नवा सेल १.६ च्या वर असू शकतो. घड्याळातला नवा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ च्या आसपास असतो, तो ढोबळ पडताळ्याला बरा. त्याहून चांगलं म्हणजे एडी ५८४ या चिपचं तयार मॉड्यूल, त्यावर २.५, ५, ७.५ आणि १० असे चार व्होल्टेज मिळतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पाच-सात मिनिटांत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदारच गोंधळेल. रविवारी जाऊ नका, बरीच शटर खाली असतात. मॉड्यूल घ्यायचं नसेल तर ओळखीच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधल्या साडेचार किंवा साडेपाच आकडी, म्हणजे जास्त बारीक मोजणाऱ्या, मीटरशेजारी तुमचा मीटर ठेवा. दोघांना एकच बॅटरी मोजायला द्या आणि आकडा जुळेपर्यंत प्रीसेट प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने अगदी केसभर फिरवा. अंधेरीला सीप्झसमोर केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे, तिथे रीतसर कॅलिब्रेशन होतं, पण या मीटरला ते म्हणजे सायकलला आरटीओ पासिंग.

शेवटच्या आकड्याच्या मागे लागू नका. ८३० जातीच्या मीटरचा डीसीचा दावा साधारण अर्धा टक्का अधिक दोन आकडे एवढाच असतो. ९.३६ च्या जागी ९.३० ते ९.४२ मध्ये काहीही आलं तरी मीटर शब्दाला जागला. जुळवणी २० वर केली असेल तर नंतर २०० आणि ६०० वर तीच बॅटरी नुसती बघा, हात लावू नका. २०० वर ९.३ किंवा ९.४, ६०० वर ००९. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे पुन्हा कुणाला खाज सुटली तर कळेल.

एक शंका मुलगा विचारेलच, म्हणून. ५४८ आणि ३५२ असे विचित्र आकडे कशाला, सरळ ९०० के का नाही? एसीसाठी. या मीटरमध्ये एसी एका साध्या डायोडमधून जातो आणि लाटेचा अर्धाच भाग पुढे येतो. त्या अर्ध्या लाटेची सरासरी मूळ आरएमएस व्होल्टेजच्या (एसीचा आपण नेहमी सांगतो तो आकडा, जसे घरातले २३०) ०.४५ पट भरते. म्हणून एसीला वरची ५४८ ची कडी वगळतात, खाली उरतात ४५२ के, आणि ०.४५ चा हिशेब तिथल्या तिथे फिटतो. वेगळी चिप नाही, वेगळं सर्किट नाही, एक रेझिस्टर दोन तुकड्यांत कापला एवढंच. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याला माझा नमस्कार. पण यामुळे स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट हा मीटर चुकीची मोजतो, आणि दोन-चार व्होल्ट एसी तर डायोडच खाऊन टाकतो.

आणि एसीचा विषय निघालाच आहे तर: हा मीटर घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालायचा नाही. नॉबवर ६०० लिहिलेलं असलं तरी नाही. हाताने जोडलेली पाटी, स्वस्त प्रोब, आतल्या अंतरांची खात्री नाही. त्यातून १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतो, तिथे लाल प्रोब राहून गेला आणि प्लगला टेकवला तर तो सरळ शॉर्ट आहे, मीटर काय करणार? बॅटरी, मोबाईलचा चार्जर, खेळण्यातल्या मोटारी, एलईडी, रेझिस्टर, यांवर त्याला मनसोक्त मोजू द्या.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून दुरुस्ती झाल्यावर पाटीच्या सोल्डरच्या बाजूवरचा फ्लक्स जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने घासून काढा. फ्लक्स राहिला तर आपल्या जुलैच्या हवेत ओल धरतो आणि २००० के च्या रेंजवर १ मेगाओहमचा रेझिस्टर कमी दिसायला लागतो. घासताना डिस्प्ले आणि झेब्रा काढून बाजूला ठेवा. आणि त्या दोन गोळ्या वाटीत.